राज्य चालवून बघायचा तास

देश कसा उभा राहिला हे शिकवायला सातारा-सांगलीच्या शाळांना दिल्लीपर्यंत जायची गरज नाही. आज सांगली जिल्ह्यात असलेले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४२ साली सातारा जिल्ह्यातच होते. त्या वर्षी ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्च्यावर गोळीबार झाला आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरच्या. इस्लामपुरात मारले गेलेले उमाशंकर पंड्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात इंजिनिअर होते. मीही इंजिनिअर, जवळपास त्याच वयाचा. म्हणून हे नाव डोक्यातून जात नाही.

गोळ्या खाऊन मोर्चे थांबले, माणसं भूमिगत झाली आणि १९४३ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं. आपल्याला त्यातलं एवढंच पाठ असतं: तुफान सेना, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ लुटलेली पगाराची रेल्वे, १४ एप्रिल १९४४ चा धुळ्याचा खजिना. स्नेहसंमेलनात लाकडी बंदुका घेऊन हेच नाटक होतं आणि टाळ्या पडतात. पण लूट म्हणजे सरकार नव्हे. गावोगावची न्यायदान मंडळं, दारूबंदी, कमी खर्चातली ‘गांधी विवाह’ पद्धत हे रोजचं काम होतं. इंग्रज अजून गेले नव्हते आणि शेतकरी राज्य चालवून बघत होते.

म्हणून सुट्टीला गावी आलो की आठवीच्या वर्गावर मी दोन तास घेतो. पहिल्या तासाला लग्नाचं बजेट. मुलं फळ्यावर यादी करतात: मांडव, डीजे, जेवणावळ, आहेर, मानपान. मग एकेक गोष्ट खोडायची आणि प्रत्येक वेळी सांगायचं, ही खोडली तर घरात कोण रुसेल? ‘मानपान’ला हात लावला की वर्गात भांडण सुरू होतं. गांधी विवाह करणाऱ्यांना घरातूनच किती विरोध झाला असेल, ते तेव्हा कळतं.

दुसऱ्या तासाला न्यायदान मंडळ. चिठ्ठ्या टाकून पाच पंच निवडायचे. खटला बांधाचा: एकानं दुसऱ्याचा बांध कोरला. हा सहज सुटतो, कारण बांधावरची भांडणं सगळ्यांच्याच घरी असतात. मग दुसरा खटला: एकजण पोलिसांना बातम्या देतो असा संशय आहे. इथे वर्ग दोन मिनिटांत ओरडतो, “दोषी!” मी फक्त विचारतो: पाहिलं कोणी? त्याला बोलू दिलं का? पंचांत त्याचा भावकीतला कोणी आहे का? त्याच्या बाजूनं कोण बोलणार? मुलं पुन्हा बसतात आणि स्वतःच नियम लिहायला लागतात.

यानंतर मी सांगतो की प्रतिसरकारचं लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’ झालं आणि त्या नावामागे पायांना होणारी शिक्षा आहे. वर्ग गप्प होतो. एकदा एका मुलीनं विचारलं, “निकाल चुकला तर पाय परत कसे देणार?”

यावर एका गुरुजींनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “अशानं मुलांच्या मनातला आदर कमी नाही का होणार?” प्रश्न रास्त आहे. इथल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबा त्या चळवळीत होते. पण त्या माणसांकडे ना तुरुंग होता, ना वरचं कोर्ट. पोलीस मागावर होते आणि एका खबऱ्यामुळे अख्खं गाव अडचणीत येऊ शकत होतं. अशा वेळी त्यांना निर्णय घ्यावेच लागले. ते किती अवघड होते हे कळल्यावर आदर कमी होत नाही, उलट खरा होतो. त्यांना देव केलं तर मुलांनी शिकायचं काय?

शेवटी आम्ही संविधान उघडतो. कलम २२: अटक का केली ते सांगायचं, आपल्या पसंतीचा वकील घेऊ द्यायचा, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. कलम २०: एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला आणि शिक्षा नाही. मुलं फळ्याकडे बघतात. त्यांनी लिहिलेलं “त्याच्या बाजूनं बोलायला कोणीतरी पाहिजे” हे वाक्य थोड्या अवघड भाषेत छापलेलं सापडतं. १९४९ मध्ये स्वीकारलेली ही कलमं आकाशातून पडली नाहीत, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. सत्ता हातात आली की काय काय चुकू शकतं, ते त्यांनी तासाभरापूर्वीच करून बघितलेलं असतं.

या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्याच शाळेत दाखल झाले. तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. यंदा त्या दिवशी भाषणांऐवजी खबऱ्याचा खटला ठेवायचा, असं आमचं आणि गुरुजींचं ठरलंय. आरोपीचा वकील गुरुजी होणार आहेत.