राऊटरची सेटिंग बदलली अन् नेट गेले? 'रिस्टार्ट' करा, 'रिसेट' नको

नागपूर : काटोल, उमरेड, रामटेक तालुक्यांतील गावांतही आता घरी राऊटर दिसतो. पण वायफायचा पासवर्ड बदलला की नेट बंद, मग राऊटर बंद-चालू करा, ही कटकट नेहमीचीच.

असे का होते?
राऊटर म्हणजे छोटा संगणकच. नवी सेटिंग 'सेव्ह' केली तरी चालू काम जुन्याच सेटिंगवर सुरू असते. काही मॉडेल फक्त वायफाय पुन्हा सुरू करतात, काही पूर्ण राऊटरच.

काय करावे?
• सगळे बदल एकदाच करा, मग रिस्टार्ट करा.
• दोन-तीन मिनिटे थांबा. घाईने पुन्हा स्विच बंद करू नका.
• पासवर्ड बदलल्यास मोबाईलमधील जुने नेटवर्क काढून पुन्हा जोडा.
• सॉफ्टवेअर अपडेट सुरू असताना वीज गेली तर राऊटर कायमचा बिघडू शकतो. लोडशेडिंगची वेळ टाळा.
• 'एलओएस'चा लाल दिवा लागला असेल तर दोष बहुधा फायबरच्या तारेत असतो. रिस्टार्टने भागत नाही, तक्रार नोंदवा.

हे मात्र करू नका
राऊटरच्या बारीक छिद्रातले बटण टाचणीने दाबून धरले की 'रिसेट' होते. रिस्टार्टमध्ये सेव्ह केलेली सेटिंग राहते; रिसेटमध्ये कंपनीने भरलेले युजरनेम-पासवर्डही पुसले जाऊ शकतात. मग टेक्निशियन येईपर्यंत नेट नाही. पीक विमा किंवा परीक्षा अर्जाची शेवटची तारीख तोंडावर असेल तर सेटिंगला हातच लावू नका.