दप्तरातले बोट

नावडे आज पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत, तळोजे औद्योगिक वसाहतीच्या शेजारी मोडते. परंतु जो जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाई, त्यातील सर्व गावांप्रमाणे याही गावच्या जमिनींचा वृत्तान्त तलाठ्याच्या दप्तरात, सर्व्हे नंबर आणि हिस्सा यांच्या अनुक्रमाने, नांदत आला. खातेदाराने नंबर सांगताच तलाठी त्याच्या पहिल्या पानावर बोट ठेवी आणि नंबर बदलेपर्यंत एकेक हिस्सा वाचीत जाई.

 आयबीएम कंपनीच्या १९८८ च्या एएस/४०० या संगणकावरील आरपीजी या प्रोग्रामिंग भाषेत तलाठ्याची हीच रीत शब्दशः आढळते, याचे मला मनापासून कौतुक वाटते. ‘सेटएलएल’ ही आज्ञा दिलेल्या किल्लीइतक्या, म्हणजे शोधायच्या नंबराइतक्या, किंवा तिच्याहून मोठ्या अशा पहिल्या नोंदीच्या अलीकडे केवळ जागा धरते, वाचीत काहीच नाही. वाचन ‘रीडई’ करते, आणि किल्ली जुळेनाशी होताच थांबण्याची खूण देते. सातबारा जमिनीच्या क्रमाने आणि आठ-अ खातेदाराच्या क्रमाने लावलेला असतो, तद्वतच तेथे मूळ फाइल एकच ठेवून तिच्यावर दुसऱ्या क्रमाची लॉजिकल फाइल उभारता येते. मात्र नंबर अक्षररूपाने साठवला, तर यंत्र दहाला दोनच्या आधी बसविते. म्हणून दोनच्या डावीकडे शून्ये भरावी लागतात. तलाठ्याच्या बोटाला ती गरज कधीच भासली नाही.