चांदी, बुरशी आणि हिरडा

भोरहून वरंधा घाटाकडे जाताना हिरडोशी लागते. हा जुना हिरडस मावळ. इथल्या डोंगरांत मिळणारा हिरडा आपण पोटासाठी वापरतो. त्याच्या अर्कातून चांदीचे जंतुनाशक नॅनोकणही तयार होतात, हे प्रयोगशाळांत दिसून आलं आहे. या विद्येच्या इतिहासात आपल्या पुण्याचा वाटा मोठा आहे.

चांदी औषधात जुनीच. १८८० च्या सुमारास जर्मन डॉक्टर क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली. प्रसूतीवेळी आईकडून लागणाऱ्या गोनोरियामुळे येणारं अंधत्व त्यामुळे खूप कमी झालं. १९६८ मध्ये भाजलेल्या जखमांसाठी सिल्व्हर सल्फाडायझिन आलं. ते मलम आजही वापरात आहे.

पुढे नॅनोकण आले. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कण इतके बारीक झाले की तेवढ्याच चांदीचा पृष्ठभाग कितीतरी वाढतो. त्यातून सुटणारे चांदीचे आयन जंतूंच्या आवरणाला आणि प्रथिनांना चिकटून त्यांचं काम बंद पाडतात. पण असे कण बनवायला बऱ्याचदा तीव्र रसायनं लागत.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि सहकाऱ्यांनी हे काम बुरशीकडून करून घेतलं. २००१ मध्ये व्हर्टिसिलियम बुरशीने पेशीतच चांदीचे कण बनवल्याचं त्यांनी दाखवलं. २००३ मध्ये फ्युजेरियम बुरशीने ते पेशीबाहेर, ५ ते १५ नॅनोमीटरचे बनवले. २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यानेही हे साधलं. आत धातू आणि वर जैविक थर, म्हणून हे संमिश्र कण. हा थर कणांचा गोळा होऊ देत नाही. बुरशीत हे काम प्रथिनं करतात, तर हिरड्यात त्यातली तुरट टॅनिन्स.

मग हे औषध पोटात घ्यावं का? नाही. काचेच्या बशीत जंतू मारणं आणि माणसाला बरं करणं यांत मोठं अंतर आहे. चांदी दीर्घकाळ पोटात गेली तर त्वचा कायमची निळसर-करडी होते. या विकाराला अर्जिरिया म्हणतात. जंतूही चांदीला सरावतात. १९७५ मध्ये बोस्टनच्या जळीत विभागात चांदीला न जुमानणारे साल्मोनेला जंतू सापडल्याची नोंद आहे.

झाडपाल्याने बनवली तरी चांदी ती चांदीच. तिची जागा जखमेच्या पट्टीत आणि मलमात, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने.