पीएनजी
पीएनजी : चित्रातील कोणताही तपशील न गमावता ते आटोपशीर साठवणारा फाइलप्रकार; स्क्रीनशॉटसाठी विशेष सोयीचा. जीआयएफ या चित्र-फाइलप्रकारातील एलझेडडब्ल्यू या माहिती-संकोचन पद्धतीच्या वापरासाठी युनिसिस कंपनीने १९९४ अखेर परवानाशुल्क मागितल्यावर पर्याय म्हणून १९९५ मध्ये पीएनजीची आखणी सुरू झाली. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९६ मध्ये त्याची शिफारस केली. जीआयएफची २५६ रंगांची मर्यादा त्याला नाही (→ जीआयएफ). स्क्रीनशॉटमध्ये सपाट रंगांचे पट्टे व अक्षरांच्या ठसठशीत कडा असतात. पीएनजीमध्ये असे एकाच रंगाचे सलग बिंदू डिफ्लेट या संकोचन पद्धतीने थोडक्यात नोंदले जातात. जेपीईजी मात्र चित्राचे ८×८ बिंदूंचे चौकोन पाडून बारीक फरक गाळते; त्यामुळे अनुस्वार, रफार यांसारख्या नाजूक खुणांभोवती धूसर डाग उमटतात (→ जेपीईजी). पडद्यावर छायाचित्र असल्यास हिशेब उलटतो : पीएनजी फाइल बरीच मोठी होते.