क्रॉमफर्डचे दोन किल्ले

इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यात, डरवेंट नदीच्या काठी, क्रॉमफर्ड हे लहानसे गाव आहे. जलशक्तीवर चालणाऱ्या सूतगिरणीचे आद्यपीठ म्हणून औद्योगिक इतिहासात त्याची कीर्ती आहे. पण त्या गिरणीचा धनी सर रिचर्ड आर्कराइट याने आपल्या भाग्याच्या ऐन माध्यान्ही तेथे बांधावयास घेतलेला विलर्स्ली कॅसल हा प्रासाद, माझ्या मते, गिरणीइतकाच बोलका दस्तऐवज आहे. मात्र तो गिरणीच्या जोडीनेच वाचला पाहिजे.

आर्कराइट १७३२ साली प्रेस्टन येथे एका शिंप्याच्या घरी जन्मला. न्हाव्याचा धंदा आणि केसांचे टोप करून विकणे यांत त्याचे पूर्वायुष्य गेले. पुढे रुळांच्या योगाने कापूस ओढून अखंड सूत कातणाऱ्या यंत्राची सनद त्याने १७६९ साली मिळविली आणि १७७१ साली तो क्रॉमफर्डला आला. तेथे त्याला ओढ्याच्या पाण्याखेरीज जवळच्या शिशाच्या खाणींतून बोगद्यावाटे वाहून येणारे पाणीही मिळाले. ते किंचित कोमट असल्यामुळे कडाक्याच्या हिवाळ्यातही गोठत नसे, आणि म्हणून गिरणीची चाके थांबत नसत. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत ती रात्रंदिवस फिरत, आणि त्या पाळ्यांत लहान मुलांचा भरणा मोठा होता.

१७७९ साली लँकेशायरमध्ये यंत्रांविरुद्ध दंगे उसळले आणि बर्केकर येथील आर्कराइटची गिरणी जमावाने उद्ध्वस्त केली. क्रॉमफर्डवरही तीच पाळी येईल या धास्तीने तेथे बंदुका, तोफा आणि शेकडो भाले यांचा जामानिमा करण्यात आला, असे तत्कालीन वृत्त आहे. हल्ला झाला नाही, परंतु हे भय दगडात कायमचे उतरले. गिरणीच्या रस्त्याकडील भिंतींना खालच्या बाजूस खिडक्या जवळजवळ नाहीतच. इमारती एकमेकींना खेटून आतल्या चौकाभोवती अशा उभ्या आहेत की एकदा दरवाजा बंद झाला म्हणजे बाहेरच्या माणसास उघडी दगडी भिंत तेवढी दिसावी. तट आहे, देवडी आहे, बंदोबस्त आहे. केवळ किल्ला हे नाव नाही.

नाव मिळाले ते नदीपलीकडच्या प्रासादाला. विलर्स्लीची जमीन आर्कराइटने १७८२ साली खरेदी केली, १७८६ साली त्याला 'सर' हा किताब मिळाला, पुढच्याच वर्षी तो परगण्याचा शेरीफ झाला, आणि या नव्या इतमामास साजेसे घर हवे म्हणून त्याने लंडनच्या विल्यम थॉमस या वास्तुविशारदाकडून आराखडा करून घेतला. जागा सपाट करण्यासाठी आड येणारा एक प्रचंड खडक हटवावा लागला. त्या एका कामासच ३,००० पौंड खर्च आले. पिवळसर वालुकाश्माच्या घडीव चिऱ्यांची ही वास्तू. माथ्यावर चर्यांची दातेरी किनार, दर्शनी बाजूस लहान गोल बुरूज. परंतु या बुरुजांत जंग्या नाहीत, आणि जेथे शत्रूच्या धास्तीने भिंत आंधळी ठेवावयाची, तेथे रुंद खिडक्यांच्या रांगा नदीकडे मोकळेपणाने उघडतात. आत अंडाकृती दिवाणखाना असून त्यात वरच्या काचेच्या घुमटातून उजेड उतरतो. सरंजामी घराण्यांना जे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने लाभत असे, ते या मनुष्याने एका फर्माईशीत बांधून घेतले.

१७९० च्या सुमारास हे बांधकाम पाहून गेलेल्या जॉन बिंग या उमरावाने आपल्या रोजनिशीत त्याची कठोर निर्भर्त्सना केली: घर गैरसोयीचे, वाऱ्याच्या तोंडावर, आणि निवांतपणा शोधणाऱ्या सभ्य गृहस्थापेक्षा कामावर नजर ठेवणाऱ्या मुकादमास शोभणारे. बिंगने हे हिणवण्यासाठी लिहिले. मला मात्र आर्कराइटचे इतके यथार्थ वर्णन अन्यत्र आढळलेले नाही. त्याच सुमारास जोसेफ राइट याने रंगविलेल्या त्याच्या तैलचित्रातही जवळच्या टेबलावर सूत ओढणाऱ्या रुळांचा संच मांडलेला आहे.

क्रॉमफर्डचे वास्तुशिल्प पाहावयास गेलेल्याने नॉर्थ स्ट्रीटवरून एकदा जावेच. १७७६ च्या सुमारास कामगारांसाठी बांधलेली ही तीन मजली घरे. त्यांच्या सर्वांत वरच्या मजल्यावर भिंतीच्या रुंदीभर पसरलेल्या लांबट खिडक्या आहेत. त्या हौसेखातर नव्हेत, तर माळ्यावर विणकाम करणाऱ्या पुरुषांना दिवसाचा उजेड पुरावा म्हणून. बायका-मुले गिरणीत, पुरुष मागावर: एका कुटुंबाचे सारे श्रम एका धन्याच्या हाती यावेत, हा हिशेब त्या खिडक्यांत आजही वाचता येतो. प्रासादाच्या खिडक्या दृश्यासाठी होत्या, या मजुरीसाठी. मला या अधिक देखण्या वाटतात.

आर्कराइटला आपल्या घरी राहावयास मिळाले नाही. ऑगस्ट १७९१ मध्ये अग्निप्रलयाने आतला भाग भस्मसात झाला, आणि दुरुस्ती पुरी होण्यापूर्वीच ३ ऑगस्ट १७९२ रोजी तो निवर्तला. मागे सुमारे ५ लाख पौंडांची मालमत्ता राहिली. त्याच्या पुत्राने वास्तू पुरी करून तेथे बिऱ्हाड थाटले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात घराणे तेथून निघाले आणि मेथॉडिस्ट पंथीयांनी तेथे अतिथिगृह काढले. पुढे दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबवर्षाव सुरू झाला, तेव्हा सॅल्व्हेशन आर्मीचे प्रसूतिगृह या प्रासादात हलविण्यात आले, आणि राजधानीतून आलेल्या गर्भवती स्त्रियांनी येथे हजारो बालकांना जन्म दिला. बांधल्यापासून दीडशे वर्षांनी, चर्या आणि बुरूज असलेल्या या घराने पहिल्यांदाच कोणाला तरी खरोखर शत्रूपासून आसरा दिला.