डिजिटल वॉलेट आलं कुठून? त्यातले पैसे आणि बँकेतले पैसे यांत फरक काय?

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी जाहीर झाली, तेव्हा ५०० रुपयांच्या नव्या नोटा छापण्याचं कामही या प्रेसकडे होतं. एटीएमबाहेर रांगा होत्या आणि अनेकांनी त्याच दिवसांत पहिल्यांदा मोबाइलमध्ये वॉलेट घेतलं. पण वॉलेटची कल्पना त्याच्या वीसेक वर्षं आधीची आहे.

सुरुवात कशी झाली?

१९९०च्या दशकात इंटरनेटवर कार्डचा नंबर टाकायला लोक घाबरत. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या सायबरकॅश कंपनीने त्यावर उपाय शोधला. ग्राहकाने वॉलेटचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर डाउनलोड करायचं. ते कार्डची माहिती सांकेतिक रूपात पाठवायचं, त्यामुळे दुकानदाराला नंबर वाचता येत नसे. मात्र दुकानदाराकडेही हीच यंत्रणा असावी लागे. २००१ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीत गेली.

भारतात काय झालं?

२००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने वॉलेटसारख्या प्रीपेड साधनांसाठी नियम आणले. त्याच वर्षी ऑनलाइन कार्ड पेमेंटसाठी जादा पासवर्ड सक्तीचा झाला. वॉलेटमध्ये एकदा पैसे भरले की छोट्या रिचार्जसाठी दरवेळी ही कटकट नसे. मोबिक्विक २००९ मध्ये सुरू झालं, पेटीएमचं वॉलेट २०१४ मध्ये आलं. अडचण एकच होती: एका कंपनीच्या वॉलेटमधून दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये पैसे जात नसत. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने बँक खातीच एकमेकांना जोडली.

आपल्यासाठी फरक काय?

यूपीआयमध्ये साधारणपणे पैसे थेट बँक खात्यातून जातात. वॉलेटमध्ये ते आधी भरून ठेवावे लागतात आणि त्यावर व्याज मिळत नाही. बँक नसलेल्या कंपनीला ही रक्कम बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावी लागते, पण बँक ठेवींना असलेलं ५ लाखांपर्यंतचं विमा संरक्षण तिला नसतं.

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १५ मार्च २०२४ नंतर पेटीएम पेमेंट्स बँकेच्या वॉलेटमध्ये नवे पैसे भरणं बंद झालं. आधीची शिल्लक वापरायची मुभा राहिली. एकाच अ‍ॅपमध्ये वॉलेट आणि यूपीआय दोन्ही असू शकतात. म्हणून पैसे देण्याआधी ते ‘वॉलेट बॅलन्स’मधून जाताहेत की बँक खात्यातून, हे स्क्रीनवर बघावं. वॉलेटमध्ये लागेल तेवढीच रक्कम ठेवलेली बरी.