उपकारस्तुती

वसुबारस उजाडली की आमच्या घरी एक काम ठरलेले असे. वडील दोन पिशव्या घेत, एक माझ्या हाती देत आणि आम्ही गुरुवार पेठेतल्या वाड्यातून चालत मंडईत जात असू. त्या दिवसांत मंडईला नुसता ऊत आलेला असे. बाहेर रस्त्यावर पणत्यांचे ढीग, झेंडूच्या राशी, केरसुण्या, लाह्या-बत्तासे. नरकचतुर्दशीला पायाखाली फोडायची कडू कारिटीसुद्धा विकत मिळत. आत गेले की अष्टकोनी मनोऱ्याखाली भाजीचे ओटे, तराजूंचा खणखणाट आणि पाटीवाल्यांची "बाजू, बाजू" अशी हाकाटी. आज त्याच मंडईच्या पोटातून २०२४ पासून मेट्रोगाडी धावते. पण मी डोळे मिटले की मला ऐकू येतो तो हाकाट्यांचाच आवाज.

अशाच एका सकाळी तिथे आम्हांला पलीकडच्या गल्लीतल्या मावशी भेटल्या. पंचहौदाच्या बाजूला त्या राहत. शाळेत शिकवीत, म्हणून मोठी माणसे त्यांना 'बाई' म्हणत. आम्ही मुले मावशी म्हणत असू. त्या ख्रिस्ती होत्या. त्यांनी एक लालबुंद भोपळा निवडला, वांगी एकेक पारखून घेतली आणि भाजीवालीने सांगितला तो भाव निमूटपणे देऊन टाकला. पुण्यात, आणि तेही मंडईत, घासाघीस न करणारे गिऱ्हाईक म्हणजे नवलच! वडिलांना राहवले नाही. "बाई, भाव नाही केलात?" त्यांनी विचारले.

"हे घरासाठी नाही, भाऊ," मावशी म्हणाल्या, "रविवारी देवळात वाहायचे आहे. कापणीचा सण आहे आमचा. उपकारस्तुती करायची. देवाला वाहायच्या वस्तूचा भाव कसा पाडायचा?"

पुढे त्यांनी मला त्या सणाची रीत समजावून दिली. धान्य, भाजी, फळे, कुणी कोंबडी, कुणी अंडी, ज्याला जे जमेल ते वेदीपुढे ठेवायचे. प्रार्थना झाली की त्याचा लिलाव होतो आणि जमलेला पैसा देवळाच्या आणि गरजूंच्या कामी येतो. 'उपकारस्तुती' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तो मला फार आवडला. आपण 'आभार' मानतो आणि मोकळे होतो. यात स्तुतीही होती.

परत येताना मात्र वडील गप्प होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "मावशी चांगल्या आहेत. पण त्यांची आजी दुष्काळातली पोर. केडगावला नेऊन घातली. भुकेल्या पोरीला अन्न दिले आणि धर्म घेतला. ही कसली उपकारस्तुती?"

माझे वडील कुणाचा द्वेष करणारे नव्हते. त्यांनी जे म्हटले, ते पुण्यातल्या पुष्कळ घरांतून म्हटले जात असे. पण तो प्रश्न माझ्या मनात कारिटासारखा कडू होऊन राहिला. पुढे वाचनाचा नाद लागला, तेव्हा मी त्या प्रश्नाचा माग काढीत केडगावपर्यंत गेलो. म्हणजे पंडिता रमाबाईंपर्यंत गेलो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला आणि तरी मुलीलाही शिकवले. कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे, पुराण सांगे आणि मिळेल त्या दक्षिणेवर राही. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला आणि दक्षिणा आटली. मजुरीची सवय नाही, भीक मागायची लाज. होते नव्हते ते विकून झाल्यावर ही माणसे मरायच्या तयारीने रानात शिरली. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजूर यांवर काढले, असे रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले आहे. त्यानंतर थोड्याच काळात वडील गेले. पाठोपाठ आई गेली. आईच्या तिरडीला चौथा माणूस मिळेना, तेव्हा सोळा वर्षांच्या रमाबाईंनी ती बाजू धरली. उंची कमी पडली म्हणून भार खांद्याऐवजी डोक्यावर घेतला. मग थोरली बहीणही गेली. उरले दोघे, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ही भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीने जीव जाऊ लागला, तेव्हा त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत निजून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली.

वाचकहो, ऐन दिवाळीत फराळाचे ताट पुढे असताना हे सांगतो आहे, याबद्दल क्षमा करा. पण उपकारस्तुती म्हणजे काय, हे पोट भरलेल्या माणसाला सांगायचे तर भुकेपासूनच आरंभ करावा लागतो.

त्याच दुष्काळाचा वणवा १८७७ साली आपल्या दख्खनेत होता. धनकवडीच्या छावणीत भुकेल्या मुलांना अन्न घालण्यासाठी धडपडणारा एक माणूस होता, जोतीराव फुले. हेच जोतीराव पुढे नगरपालिकेत असताना नव्या मंडईच्या इमारतीला विरोध करीत होते; एवढा पैसा शिक्षणावर खर्चा, असे त्यांचे म्हणणे होते. ते कुणी ऐकले नाही. शनिवारवाड्यापुढच्या मैदानात भरणारा बाजार उठला, मनोरा उभा राहिला आणि १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते 'रे मार्केट' उघडले. काळाची गंमत अशी की, आज त्या इमारतीला महात्मा फुले यांचेच नाव आहे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, रमाबाई ख्रिस्ती झाल्या तेव्हा सारे पुणे त्यांच्यावर तुटून पडले असता, १८८५ साली 'सत्सार' काढून त्यांची बाजू घेणाराही हाच माणूस होता.

रमाबाई कलकत्त्यास पोहोचल्या १८७८ साली. तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्यांचे लग्न झाले, मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पतीही गेले. त्या पुण्यास आल्या. इथे न्यायमूर्ती रानड्यांच्या मंडळींनी त्यांना आधार दिला, इथेच त्यांनी आर्य महिला समाज काढला. पुण्यात काम करणाऱ्या वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींशी त्यांची ओळखही इथलीच. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठात राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

आता माझ्या वडिलांचा प्रश्न इथेच लावून पाहा. परक्या देशात, पदरी दोन वर्षांची मूल, खिशात पैसा नाही. अन्न, निवारा, शिक्षण, सारे मठाचे. अशा बाईने काय करावे? देणाऱ्याच्या मुठीत राहावे, असे व्यवहार सांगतो. रमाबाईंनी तसे केले नाही. मठातल्या भगिनींना मराठी शिकवून त्या आपल्या अन्नाचे मोल देत होत्या. त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असा त्यांनी हट्ट धरला. पुरुषांना शिकवण्यास बिशपमंडळींनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी सडेतोड पत्रे लिहिली. आपल्या गुरुभगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा धर्मतत्त्वांवर जो वाद चालला, तो वाचताना वाटते की, हा पुण्याच्या शास्त्र्यांशी वाद घालणाऱ्याच बाईचा आवाज आहे. मंदिर बदलले होते, मान मात्र ताठच होती.

हे वाचले तेव्हा माझ्या मनात दोन शब्द वेगळे झाले. उपकाराने माणूस मिंधा होतो. उपकारस्तुतीने तो मोकळा होतो. मी वाचलो ते देवामुळे, अशी ज्याची खूणगाठ पक्की, तो माणसाने केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञ राहतो, पण तिच्यापायी आपले मन गहाण टाकीत नाही. रमाबाईंची भक्ती आपल्याला पटो वा न पटो; त्यांच्या ताठ मानेचे मूळ त्या भक्तीत होते, हे नाकारता येत नाही.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि १८९० मध्ये ते पुण्यास आणले. त्याच वर्षी पंचहौदाच्या मिशनमध्ये घेतलेल्या चहाचे प्रकरण पुण्यात गाजले; रानडे, टिळक यांच्यासारख्यांनाही त्या एका पेल्याने ग्रामण्यात ओढले. ज्या गावात चहाने धर्म बुडत होता, तिथे शारदा सदनातल्या विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, ही बातमी पचणे शक्यच नव्हते. १८९३ मध्ये वादळ उठले. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांची तक्रार अगदीच निराधार होती, असे मी म्हणणार नाही. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू, या भरवशावर मुली पाठवल्या होत्या. दार उघडे ठेवून प्रार्थना करणे म्हणजे तटस्थपणा की आमंत्रण, यावर आजही दोन मते होतील.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात पुन्हा दुष्काळ पडला. रमाबाईंना तिथे जायला कुणी सांगितले नव्हते. पण तिरडीचा भार डोक्यावर वाहिलेल्या बाईला आपण होऊन जाणे भागच होते. भुकेने सापळे झालेल्या शेकडो मुली आणि तरुण विधवा त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग, इथे त्यांना ठेवण्याची सोय नव्हती. म्हणून केडगावच्या आपल्या शेतावर त्यांनी त्यांना नेले आणि तिथे 'मुक्ति' उभी राहिली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि मुक्तीतला आकडा दोन हजारांच्या घरात गेला. विहिरी खणल्या, शेती केली, माग बसवले, तेलाचा घाणा, छापखाना, शाळा, सारे बायकांनी चालवले. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत उतरवीत होत्या आणि त्याचे खिळे मुक्तीतल्याच मुली जुळवीत होत्या. १९०७ मध्ये त्यांनी आपल्या आयुष्याची साक्ष लिहून काढली. ती सगळी एक लांबलचक उपकारस्तुतीच आहे. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. बायबलाचे भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

एवढे वाचून झाल्यावर एकदा मी मावशींकडे गेलो. त्या थकल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता. मी धीर करून वडिलांचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. त्या रागावल्या नाहीत.

"तुझ्या वडिलांनी मलाही एकदा विचारले होते," त्या म्हणाल्या. "मी म्हटले, भाऊ, माझी आजी सात-आठ वर्षांची होती. तिला धर्म कळत नव्हता, भूक कळत होती. पुढे कळायला लागल्यावर ती ख्रिस्ती राहिली, हे तिचे तिने ठरवले. सगळ्यांनी मनापासूनच ठरवले असेल, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण आजीचे सांगते. ती जेवायला बसली की आधी देवाची उपकारस्तुती करी आणि मग चार नावे घेई. आई, बाप, दोन भाऊ. ते दुष्काळात मागेच राहिले. मी लहानपणी विचारी, आजी, देवाने तुला वाचवले, मग त्यांना का नाही? ती म्हणे, ते मला कळत नाही. म्हणून तर नावे घेते."

मावशी थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "आणि तिच्या पहिल्या घासाआधी दाराशी कुणी आले तर तो घास त्याचा."

मी घरी येऊन वडिलांना हे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. पुढच्या वसुबारसेला आम्ही मंडईत गेलो, तेव्हा त्यांनी एक भोपळा घेतला. भाव केला नाही. "हा मावशींकडे देऊन ये," एवढेच म्हणाले. मला वाटते, त्यांचे मत बदलले नव्हते. पण प्रश्न विचारण्याचा त्यांचा सूर बदलला होता.

आपल्या रक्षणाबद्दल देवाचे आभार मानणे सोपे आहे, ते ज्यांचे रक्षण झाले नाही त्यांना विसरून मानले तर. रमाबाई विसरल्या नाहीत आणि ती केडगावची आजीही विसरली नाही. देवाचे ऋण देवाला परत करता येत नाही. पुढे येणाऱ्या भुकेल्यालाच ते द्यावे लागते, एवढे त्या दोघींना कळले होते.

आता वडील नाहीत, मावशीही नाहीत. दिवाळीत मी अजून मंडईत जातो. महात्मा फुल्यांचे नाव असलेल्या त्या मनोऱ्याखाली उभा राहतो, भाजीच्या राशी पाहतो आणि रानातल्या त्या मूठभर खजुराची आठवण होते. मग एक भोपळा घेतो, भाव न करता. घरी आल्यावर तो कुणाला द्यायचा, हे दर वर्षी नव्याने ठरवावे लागते. पण अजून एकाही वर्षी घेणारा शोधावा लागलेला नाही.